समान संधी – लेखांक ६ : आजोबांचा शाळेचा दाखला

मागच्या लेखात मुखेड-कंधारकडच्या ऊसतोड जोडप्यांचा हिशोब आपण पाहिला. उचल नवऱ्याच्या नावावर आणि बाईची मेहनत त्याच 'कोयत्या'त धरलेली, असा तो व्यवहार. आज शेजारच्या बिलोली तालुक्यात येऊ. इथली अडचण निराळी आहे. बारावी झालेल्या, पदवी घेतलेल्या मुली इथे घरोघर आहेत. भरतीची जाहिरात निघते, मोबाइलवर फिरते, मैत्रिणी एकमेकींना पाठवतात. तरी कित्येक मुली अर्जच भरत नाहीत. कारण विचारले तर एकच उत्तर येते : "कागद नाही."

आधी कायदा काय देतो ते पाहू. राज्यघटनेचे कलम १६ सरकारी नोकरीत सर्वांना समान संधीची हमी देते. धर्म, जात, लिंग यांवरून भेदभाव करायला मनाई करते. १९९४ मध्ये महाराष्ट्राने देशातले पहिले महिला धोरण जाहीर केले आणि सरकारी नोकऱ्यांत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखल्या. हे आरक्षण समांतर आहे. म्हणजे स्त्रियांचा वेगळा गट नसतो. खुला, ओबीसी, अनुसूचित जाती अशा प्रत्येक प्रवर्गाच्या आत ३० टक्के जागा स्त्रियांच्या. ओबीसीच्या दहा जागा असतील तर तीन ओबीसी स्त्रियांना. त्या प्रवर्गात पात्र स्त्री मिळाली नाही, तर जागा रिकामी ठेवत नाहीत, त्याच प्रवर्गातल्या पुरुषाला देतात. म्हणून कागदाअभावी घरी बसलेल्या मुलीची जागा पुढच्या भरतीपर्यंत तिची वाट पाहत थांबत नाही. ती गेली की गेली.

ओबीसीच्या जागेसाठी दोन मोठे कागद लागतात. पहिला जातीचा दाखला, तो उपविभागीय अधिकाऱ्यांकडून मिळतो आणि ते कार्यालय बिलोलीतच आहे. दुसरा वैधता प्रमाणपत्राचा, ज्याला सगळे 'व्हॅलिडिटी' म्हणतात. त्यासाठी नांदेडच्या जात पडताळणी समितीकडे जावे लागते. नरसी-नायगावमार्गे एस.टी.ने दीड-दोन तास जायला, तेवढेच यायला. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे, ही मोठी सोय झाली. पण एका त्रुटीसाठी पुन्हा बोलावले की त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि मुलीबरोबर बाप किंवा भाऊ असेल तर त्याचीही.

खरी अडचण पुराव्याची आहे. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, आणि तो वडिलांच्या घराण्यातला हवा. आज वीस वर्षांच्या मुलीचा बाप साधारण १९७५च्या आसपास जन्मलेला. त्याचा शाळेचा दाखला तारखेनंतरचा ठरतो. म्हणजे आजोबांकडे जायचे. आजोबा शाळेतच गेले नसतील तर चुलत आजोबा, नाहीतर पणजोबांच्या नावचा जमिनीचा कागद, नाहीतर गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीतली एखादी ओळ. ज्या घरात तीन पिढ्या मजुरीवर गेल्या, तिथे ना शाळेची नोंद असते ना सातबारा. सर्वांत गरीब घराला सर्वांत जुना कागद आणायला सांगणारी ही रचना आहे. जात प्रमाणपत्राच्या २०००च्या कायद्यात कलम ८ आहे. त्यानुसार जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची. खोटे दाखले रोखायला ते कलम हवेच, हे मला मान्य आहे. पण पुरावा सरकारच्याच कपाटात असेल, तर तो शोधण्याचे ओझे वीस वर्षांच्या मुलीवर टाकणे न्यायाचे नाही.

मुस्लीम घरांत हाच पेच आणखी घट्ट होतो. महाराष्ट्रात मोमीन, पिंजारी, तांबोळी, अत्तार, बागवान, मणियार अशा कित्येक मुस्लीम जमाती ओबीसीच्या यादीत आहेत. जालन्याच्या शब्बीर अन्सारी यांनी त्यासाठी मुस्लीम ओबीसींची चळवळ उभी केली, आणि अभिनेते दिलीपकुमार तिच्या पाठीशी उभे राहिले. हक्क यादीत आला, पण शाळेच्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात मास्तरांनी बहुतेक वेळा एवढेच लिहिले : 'मुसलमान'. आजोबा कापूस पिंजत होते हे सारे गाव सांगेल. रजिस्टर सांगत नाही.

त्यात भाषा. हा मुलूख १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा उर्दू होती आणि १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. त्यामुळे जुन्या नोंदी उर्दूत आणि काही मोडीत आहेत. पुढे कारभार मराठीत आला, तो यायलाच हवा होता. पण ती पाने वाचणारी माणसे कचेरीतून हळूहळू संपली. अर्जदार नोंद घेऊन येते, टेबलावरच्या कर्मचाऱ्याला ती वाचता येत नाही, मग भाषांतर, मग त्याचे प्रमाणीकरण, आणि तोवर अर्जाची शेवटची तारीख निघून जाते.

हे सुटणारे काम आहे, याचा पुरावा मराठवाड्यानेच पाहिला. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा महसूल, शाळा, तुरुंग अशा खात्यांचे जुने दप्तर उघडले गेले आणि उर्दू-मोडी वाचणारे जाणकार बसवले गेले. सरकार स्वतः कागदापाशी गेले. तेच दप्तर, तेच जाणकार पिंजाऱ्याच्या, तांबोळ्याच्या, धोब्याच्या मुलीसाठीही बसवता येतील. एका समाजासाठी जे शक्य झाले ते सर्वांसाठी व्हावे, ही मागणी कोणाच्या विरोधात नाही.

मुस्लिमांचा नोकरीतला वाटा किती कमी आहे हे न्या. राजिंदर सच्चर समितीने २००६ मध्ये मांडले. २००१च्या जनगणनेत लोकसंख्येत १३.४ टक्के असलेल्या समाजाचा वाटा आय.ए.एस.मध्ये ३ टक्के, आय.पी.एस.मध्ये ४ टक्के. माझ्या मते त्या अहवालातला सर्वांत महत्त्वाचा आकडा मात्र बायकांचा आहे : काम करणाऱ्या मुस्लीम स्त्रियांपैकी ७० टक्के घरात बसूनच काम करतात. सर्व समाजांच्या स्त्रियांत हे प्रमाण ५१ टक्के. घरात बसून म्हणजे काय, ते बिलोलीच्या कोणत्याही गल्लीत दिसते. उंबऱ्याच्या आत उजेडाच्या कडेला शिलाई मशीन, बाजूला साड्यांचा गठ्ठा, आणि पिको-फॉलचा दर साडीमागे ठरलेला. तिला रजा नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, आणि जनगणनेच्या माणसाने विचारले तर घरचेच सांगतात, "ती काही करत नाही."

२०१४ मध्ये राज्याने मुस्लिमांतील मागास घटकांसाठी ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश काढला. उच्च न्यायालयाने नोकऱ्यांपुरती त्याला स्थगिती दिली, शिक्षणापुरते ते राहू दिले. पुढे अध्यादेशाचा कायदा झाला नाही आणि तो विरला. सच्चर समितीने सुचवलेला समान संधी आयोगही कायद्याने अजून आलेला नाही.

आता सीमेवरची गोष्ट, जी पुण्या-मुंबईच्या लेखात येत नाही. बिलोलीची सोयरीक पलीकडच्या बोधन-निजामाबादशी पिढ्यान्पिढ्या आहे. १ नोव्हेंबर १९५६पर्यंत दोन्ही बाजू एकाच हैदराबाद राज्यात होत्या. आज मधे राज्याची रेघ आहे, आणि सून रेघ ओलांडून आली की तिचे आरक्षण मागे राहते. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात अनुसूचित जाती-जमातींबाबत सांगितले की एका राज्यातला दर्जा घेऊन दुसऱ्या राज्यात सवलत मागता येत नाही. पुढे ओबीसींनाही तोच न्याय लागला. पलीकडे मागास मुस्लीम गटांना २००७ पासून ४ टक्के आरक्षण आहे. बोधनची मुलगी बिलोलीत नांदायला आली की ते संपते, आणि नवऱ्याची जातही तिला लागत नाही, कारण दाखला बापाकडून येतो. उलट दिशेने गेलेल्या आपल्या लेकींचेही तेच. लग्नाने स्थलांतर करते ती बाईच, त्यामुळे या नियमाचा मार तिलाच बसतो. विवाहाने सीमा ओलांडणाऱ्या स्त्रियांसाठी दोन्ही राज्यांनी एकमेकांची प्रमाणपत्रे मानावीत. त्यासाठी संसदेला कायदा करावा लागला तरी तो करावा.

गावातल्या जागांकडेही पाहावे. अंगणवाडी सेविका, मदतनीस, आशा ही स्थानिक बाईच्या हक्काची कामे. या तालुक्यात मराठीबरोबर उर्दू आणि तेलुगूही घराघरांत बोलली जाते. तीन वर्षांच्या मुलाशी त्याच्या बोलीत बोलणारी सेविका मिळाली तर मूल रोज येते. अशा वस्तीत ती भाषा येणे ही पात्रता धरावी, आणि जाहिरात ग्रामपंचायतीच्या फळ्याबरोबर उर्दू शाळेत आणि मशिदीजवळही लावावी. याला पैसा लागत नाही.

एक कागद मात्र कमी झाला आहे आणि तो पुष्कळांना ठाऊक नाही. खुल्या प्रवर्गातल्या महिलांच्या जागेसाठी पूर्वी नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र लागे. मे २०२३च्या शासन निर्णयाने ती अट गेली. ओबीसीत नसलेल्या शेख, सय्यद, पठाण घरांतल्या मुली या जागांसाठी अर्ज करू शकतात. राखीव प्रवर्गातल्या मुलीही गुणवत्तेवर खुल्या महिलांच्या जागेवर निवडल्या जाऊ शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सौरव यादव प्रकरणात स्पष्ट केले आहे.

वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात अकरावी-बारावीत मुलगी असेल तर या उन्हाळ्यातच कामाला लागा. आजोबा ज्या शाळेत गेले तिथून प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा काढा, तहसीलच्या अभिलेख कक्षात जुन्या नोंदींची नक्कल मागा. भावकीत कोणाची व्हॅलिडिटी झाली असेल तर तिची प्रत जोडा, रक्ताच्या नात्यातली एक व्हॅलिडिटी पुढच्यांचे काम निम्मे करते. मुलाचा दाखला नोकरीसाठी काढतो आणि मुलीचा राहून जातो, असे होऊ देऊ नका. मुलीची व्हॅलिडिटी लग्नाआधी काढा, मूळ प्रत तिच्याच हातात द्या.

(पुढील लेखांकात : लातूरच्या डाळ गिरण्यांतील स्त्रियांची मजुरी)