'जीवनमार्ग' : एका तारखेचा अर्थ

१४ एप्रिल १९६५ रोजी मुंबईत 'जीवनमार्ग' हे साप्ताहिक निघाले. ते काढणारे कॉ. रामचंद्र बाबाजी मोरे कम्युनिस्ट होते. तारीख मात्र बाबासाहेबांच्या जयंतीची होती. हा योगायोग समजून पुढे जाणे म्हणजे मोरे यांचे आयुष्यच नजरेआड करणे होय.

१९२७ च्या महाड परिषदेची उभारणी करणाऱ्यांत मोरे अग्रभागी होते. १९३० साली ते कम्युनिस्ट पक्षात गेले. परंतु बाबासाहेबांशी असलेले नाते त्यांनी तोडले नाही. वर्ग आणि जात हे प्रश्न त्यांना वेगळे का वाटले नाहीत, याचे उत्तर मुंबईच्या कापडगिरण्यांत सापडते. साचाखात्यात मजुरी अधिक. पण तेथे कांडी बदलताना धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे. विटाळ होईल म्हणून अस्पृश्यांना त्या खात्यात प्रवेशच नव्हता. मालकाविरुद्ध एकत्र लढणारा सवर्ण कामगार साच्यापाशी आपल्याच कामगारबंधूला दूर ठेवीत होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी बोट ठेवले ते याच जागी.

मोरे यांनी तेच दुखणे पक्षाच्या आत मांडले. १९५३ साली त्यांनी अस्पृश्यता व जातिव्यवस्था या प्रश्नावर पक्षनेतृत्वाला टिपण सादर केले. क्रांती झाली की जात आपोआप जाईल, या समजुतीवर विसंबून राहणे त्यांना मान्य नव्हते.

मराठीत कम्युनिस्ट पत्रांची परंपरा जुनी आहे. १९२७ साली 'क्रांती' निघाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात 'लोकयुद्ध' आले आणि त्यात अण्णाभाऊ साठे लिहू लागले. १९६४ साली पक्ष दुभंगला. त्या वर्षाच्या डिसेंबरअखेर नव्या मार्क्सवादी पक्षाचे अनेक नेते स्थानबद्ध झाले. अशा पडत्या काळात मोरे यांनी 'जीवनमार्ग' उभे केले आणि पुढे ते पक्षाच्या महाराष्ट्र शाखेचे मुखपत्र झाले.

आपल्या ठाणे जिल्ह्याला हा काळ परका नाही. आटगावच्याच लोहमार्गावरील टिटवाळ्यात जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेची परिषद भरली आणि त्यानंतर वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध बंड पुकारले. त्या लढ्याचे नेते शामराव परुळेकर ऑगस्ट १९६५ मध्ये तुरुंगातच वारले. तेव्हा 'जीवनमार्ग' निघून जेमतेम चार महिने झाले होते.

तरीही वृत्तपत्रांचा इतिहास शिकवताना आम्ही अध्यापक मंडळी दोन रांगा लावतो. एकीत 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत'; दुसरीत 'क्रांती' आणि 'लोकयुद्ध'. पहिल्या रांगेत मोरे यांना जागा नाही, कारण ते कम्युनिस्ट. दुसऱ्या रांगेत त्यांचे नाव येते, पण त्यांची जात आणि त्यांचे टिपण वगळून येते. ११ मे १९७२ रोजी मोरे गेले. त्यांचे पत्र दलित पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात घेतले पाहिजे. तसे केल्याने आंबेडकरी विचाराला बाधा येत नाही. उलट, साचाखात्याच्या दारात अडवलेल्या कामगाराने दोन्ही चळवळींना कोणता जाब विचारला, हे आपल्या मुलांना समजेल. तो जाब अजून संपलेला नाही.