जठराचा पट्टा आणि ताटातला घास

व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर साहित्य, इतिहास आणि राजकारण यांना मानाचे पान असते; पोट हा विषय तेथे जरा हलका ठरतो. तरीही आम्ही तो मुद्दाम घेतला आहे. वजन उतरविण्यासाठी जठरावर शस्त्रक्रिया करून घेणारी माणसे आता आपल्या कल्याण-डोंबिवलीतही आढळतात. शस्त्रक्रिया कशी झाली, बिल किती आले, वजन किती उतरले, हे सारे लोक त्यांना विचारतात. 'तुम्ही आता जेवता कसे?' हे मात्र कोणी विचारीत नाही. वस्तुतः खरा प्रश्न तोच आहे.

अशा शस्त्रक्रियांची वार्ता आपल्याकडे मुख्यतः वृत्तपत्रांतून घरोघर पोचली. २०११ साली नितीन गडकरी यांनी मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली, तिची चर्चा बरीच झाली. २०१७ साली सुमारे पाचशे किलो वजनाची इमान अहमद ही इजिप्तची स्त्री उपचारासाठी मुंबईस आणली गेली, तेव्हा तर रोजचे आकडे छापून येत. अशा बातम्यांमुळे लोकांची एक समजूत झाली, की शल्यविशारदाने आपले काम केले म्हणजे रोग्याचे काम संपले. ही समजूत चुकीची आहे. आज आम्ही ज्या गॅस्ट्रिक बँडविषयी बोलणार आहोत, त्याच्या बाबतीत तर ती सर्वांत अधिक चुकीची आहे.

प्रथम हा बँड म्हणजे काय ते पाहू. सिलिकोनचा एक पट्टा जठराच्या अगदी वरच्या भागाभोवती बांगडीसारखा बसवितात. त्याच्या वर जठराचा एक चिमुकला कप्पा राहतो, त्यात जेमतेम एक-दोन मोठे चमचे अन्न मावते. पट्ट्याच्या आतल्या अंगास एक फुगा असतो, आणि त्यापासून निघालेली नळी पोटाच्या कातडीखाली बसविलेल्या एका डबीशी जोडलेली असते. डॉक्टर कातडीतून त्या डबीत सुई घालून मिठाचे निर्जंतुक पाणी भरतात किंवा काढतात. त्याने पट्टा आवळतो किंवा सैल होतो. यात जठर कापावे लागत नाही, आतड्याची वाट बदलावी लागत नाही, आणि वेळ पडल्यास पट्टा काढता येतो.

असा कमी-अधिक आवळता येणारा पट्टा अमेरिकेत लुबोमिर कुझमाक यांनी १९८६ साली वापरात आणला. पुढे १९९३ साली बेल्जममध्ये मितिकू बेलाचेव यांनी पोट न उघडता, दुर्बिणीच्या साह्याने तो बसवून दाखविला. हे बेलाचेव मूळचे इथिओपियातले. लहानपणी त्यांनी गुरे-मेंढरे राखली होती. २००१ साली अमेरिकेच्या सरकारी औषधखात्याने या पट्ट्यास मान्यता दिली, आणि पुढची दहा-बारा वर्षे त्याचा मोठा बोलबाला झाला. आज नव्याने बँड बसविण्याचे प्रमाण फार घटले आहे. जठराचा मोठा भाग कापून नळीसारखे जठर ठेवण्याची शस्त्रक्रिया पुष्कळ पुढे गेली आहे. परंतु ज्यांच्या पोटात पट्टा आहे, त्यांना त्याच्यासह रोज जेवावयाचे आहे. शिवाय यांतले बहुतेक धडे इतर शस्त्रक्रिया झालेल्यांनाही उपयोगी पडतील.

पट्टा म्हणजे दाराला लावलेला अडसर, अशी पुष्कळांची कल्पना असते. अन्न वर अडकून राहते, जागा संपते, म्हणून माणूस कमी खातो, असा तिचा अर्थ. मेलबर्नचे पॉल ओ'ब्रायन आणि त्यांचे सहकारी यांनी या विषयाचा दीर्घ अभ्यास करून निराळेच दाखविले. नीट चावलेला लहान घास पट्ट्याच्या वर साचून राहत नाही; अन्ननलिका चार-सहा वेळा आकुंचन पावते आणि तेवढ्या दाबाने तो मिनिटभरात खाली उतरतो. प्रत्येक वेळी पट्ट्याखालच्या जठराच्या भिंतीवर हलका दाब पडतो, आणि तेथल्या मज्जातंतूंमार्फत 'पुरे झाले' असा निरोप मेंदूस जातो. म्हणजे पट्ट्याचे काम अन्न अडविण्याचे नसून तृप्तीचा निरोप लवकर पोचविण्याचे आहे. पुढचे सारे नियम या एका गोष्टीतून निघतात. एक घास उतरण्यापूर्वी दुसरा घातला, की ते दोन्ही वर साचतात आणि त्रासाला प्रारंभ होतो.

आता त्रासाचा क्रम पाहू. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन-चार दिवसांत पुष्कळांना पोटापेक्षा खांदाच अधिक दुखतो आणि ते घाबरतात. दुर्बिणीने शस्त्रक्रिया करताना पोटात वायू भरलेला असतो. त्याने श्वासपटल चाळवते, आणि श्वासपटलाचा मज्जातंतू मानेतून येत असल्याने ती वेदना खांद्यात भासते. थोडे थोडे चालत राहिले, की ती ओसरते. पहिले एक-दोन आठवडे केवळ पातळ पदार्थ, त्यानंतर सुमारे दोन आठवडे घोटलेले, मग मऊ, आणि पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून नेहमीचे अन्न, असा साधारण क्रम डॉक्टर घालून देतात. या काळात भूक लागते, आणि रोग्यास वाटते की पट्टा काही कामाचा नाही. पण पट्टा या वेळी मुद्दामच सैल ठेवलेला असतो. तो टाक्यांनी धरून ठेवलेला असून त्याच्याभोवती शरीर आपले आवरण तयार करीत असते. अशा वेळी घन अन्न खाऊन उलटी झाली, तर तो जागेवरून सरकण्याचे भय असते. भूक लागली म्हणून पथ्य मोडणे हे या महिन्यात फार महाग पडते.

नेहमीचे अन्न सुरू झाले म्हणजे खरी परीक्षा. आपल्या भागात ताटात काय असते? पोळी, भात, भाजी. आगरी घरांत तांदळाची भाकरी आणि मटण किंवा सुकी मासळी. बाहेर पडले की वडापाव. पट्टा बसविलेल्याच्या दृष्टीने यांतला पाव सर्वांत वाईट, कारण चावल्यावर त्याचा चिकट गोळा होतो. ताज्या मऊ पोळीचे तसेच आहे. त्यापेक्षा कडक भाजलेला फुलका पुष्कळांना बरा उतरतो. चिकट भात, तांदळाची भाकरी, मटणाचे तंतू, शेवग्याच्या शेंगेचा चोथा, संत्र्याच्या फोडीची साल आणि ओले खोबरे ही सारी अडकण्यात तरबेज. याउलट वरण, उसळीचा रस्सा, अंडे, दही, मऊ शिजलेले ताजे मासे, नीट शिजलेली दुधी किंवा दोडकी हे पदार्थ सहसा सोसतात. प्रत्येकाचा अनुभव थोडा निराळा असतो. म्हणून नवा पदार्थ एका वेळी एकच, तोही घरी बसून आणि घाई नसताना खाऊन पाहावा.

घास करंगळीच्या नखाएवढा घ्यावा. घास बत्तीस वेळा चावावा असे आपल्याकडे लहानपणीच सांगतात आणि आपण ते हसण्यावारी नेतो. पट्टा बसविलेल्यास ते अक्षरशः पाळावे लागते. दोन घासांत मिनिटभर थांबावे. जेवताना पाणी पिऊ नये. ते आधी प्यावे, नाहीतर जेवणानंतर अर्ध्या तासाने. दिवसभर मात्र घोट घोट पाणी पुरेसे घ्यावे. सोडा आणि फसफसणारी पेये वर्ज्य. डाळ, दही, पनीर, अंडे असा प्रथिनांचा पदार्थ आधी खावा, कारण पोट लवकर भरते आणि मागे राहिलेले ताटातच राहते. जेवण फार घाईनेही नको आणि फार रेंगाळतही नको, हे चरकसंहितेत शेकडो वर्षांपूर्वी सांगितलेले आहे. येथेही वीस ते तीस मिनिटांचे माप योग्य ठरते.

इतके करूनही घास कधी तरी अडकतोच. छातीच्या मध्यभागी दाब येतो, तोंडाला पाणी सुटते, उचकी लागते, नाक वाहू लागते, कोणाचा डावा खांदा दुखतो. अशा वेळी पाण्याने घास खाली ढकलण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण पाणीही वरच साचते. ताटावरून उठावे, उभे राहावे, थोडे चालावे आणि वाट पाहावी. बहुधा तो उतरतो, नाहीतर फेसासह वर येतो. त्यानंतर त्या दिवशी पातळच घ्यावे. सुजलेल्या जागेवर पुन्हा पोळी घालू नये.

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. पट्टा बसविलेली पुष्कळ माणसे उलटीला पट्ट्याच्या कामाची पावती समजतात. 'रोज उलटी होते, म्हणजे पट्टा घट्ट आहे, म्हणजे वजन उतरणार,' असा त्यांचा हिशेब असतो, आणि शस्त्रक्रियेवर इतका पैसा खर्चून तक्रार कशाची करावयाची, या संकोचाने ती गप्प बसतात. हे मौन घातक आहे. वरचेवर उलटी झाल्याने पट्टा सरकतो, वरचा कप्पा फुगतो, अन्ननलिका सैल पडते. आणि उलट्या काही आठवडे चालू राहिल्या तर ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाने मज्जातंतूंना आणि मेंदूलाही इजा होऊ शकते.

आपले गाव रेल्वेचे जंक्शन आहे, तेव्हा हे सिग्नलच्या भाषेत सांगणे सोपे जाईल; डॉक्टरही हीच तीन रंगांची भाषा वापरतात. दोन तासांत पुन्हा भूक लागते, मोठे घास सहज जातात, वजन हलत नाही: हा पिवळा दिवा. पाणी भरून घेण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे. वाटीभर अन्नात समाधान होते आणि तीन-चार तास टिकते: हा हिरवा. वरचेवर अडकते, छातीत जळजळते, रात्री आडवे होताच खोकला येतो, केवळ मऊ पदार्थच जातात: हा तांबडा. पाणी काढून घ्यावे. आणि पाण्याचा घोटही उतरेनासा झाला किंवा पोटात तीव्र कळ उठली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. छातीतील प्रत्येक दाब पट्ट्याचाच, असेही धरू नये. श्रम करताना दुखले, घाम फुटला, तर ते हृदयाचे दुखणे असू शकते.

तांबड्या दिव्यात आणखी एक फसगत दडलेली असते. घट्ट पट्ट्यातून पोळी जात नाही, पण आइस्क्रीम, श्रीखंड, मिल्कशेक आणि पातळ बासुंदी सुखाने घसरून जातात. त्रास नको म्हणून माणूस त्यांकडे वळतो, आणि इतके सोसूनही वजन वाढते. मग लोक म्हणतात, याला मनावर ताबाच नाही. वास्तविक येथे दोष मनाचा कमी आणि पट्ट्याच्या आवळणीचा अधिक असतो. पट्टा सैल केला, की घन अन्न पुन्हा जाऊ लागते.

कल्याणकरांची आणखी एक अडचण आहे, ती घड्याळाची. १८५४ साली आगगाडी कल्याणास आली आणि कालांतराने गावाचे जेवण तिच्या वेळेशी बांधले गेले. मुंबई येथून सुमारे ५४ किलोमीटर. सहा-साडेसहाला घर सोडणारा गृहस्थ उभ्या उभ्या चहापोळी गिळतो आणि दुपारी कचेरीत डबा दहा मिनिटांत संपवितो. पुष्कळांना पट्टा सकाळीच सर्वांत घट्ट वाटतो, आणि नेमकी तीच वेळ घाईची. अशांनी सकाळी कोमट पाणी आणि पातळ पेज किंवा ताक घेऊन निघावे, आणि सावकाश खाण्याचा पदार्थ दुपारकरिता ठेवावा. त्या दुपारच्या अर्ध्या तासावर मात्र कोणासही अतिक्रमण करू देऊ नये.

शेवटी दोन शब्द घरच्यांसाठी. आपल्याकडे प्रेम ताटातून व्यक्त होते. 'एवढेसेच? माझ्या हातचे आवडले नाही वाटते,' असे आजी म्हणते, आणि नातू तिचे मन राखण्यासाठी आणखी एक घास घेतो. तोच घास अडकतो. ताटात टाकू नये हा आपला संस्कार चांगलाच आहे. पण पोट भरल्याची जाणीव झाल्यावर उरलेले दोन घास संपविणे ही पट्टा बसविलेल्यास शिक्षा ठरते. यावर उपाय सोपा आहे: ताटाऐवजी लहान वाटीत वाढावे आणि लागल्यास पुन्हा वाढावे, म्हणजे टाकण्याचा प्रश्नच उरत नाही. लग्नाच्या पंगतीत अशा माणसाने मध्येच हात थांबविला, तर चारचौघांत कारण विचारू नये. उलटीच्या भयाने पंगती टाळणारी, एकटीच बसून जेवणारी माणसे आम्हास ठाऊक आहेत. त्यांना पुन्हा पंगतीत आणणे घरच्यांच्याच हाती आहे.

काहींच्या बाबतीत सारे नियम पाळूनही पट्टा मानवत नाही आणि तो काढावा लागतो. कित्येक वर्षांनी असे झालेले रुग्ण जगभर आहेत. यात रोग्याचा पराभव नाही. एक साधन जमले नाही, दुसरे आहे. पट्टा काढला तरी सावकाश खाण्याची सवय जवळ राहतेच. शरीर 'थांब' म्हणत असताना जो थांबतो त्याला पट्टा साथ देतो. जो ते ऐकत नाही, त्याच्याशी तो रोज भांडतो. म्हणून ज्यांना हा त्रास आहे त्यांनी तो मुकाट्याने सोसू नये, डॉक्टरांस सांगावा. आणि ज्यांच्या घरी असे माणूस आहे त्यांनी आज वाढताना एक घास कमीच वाढावा.