क्रिएटिनिन १.१ : बायपासपूर्वीचा फसवा आकडा

बायपास शस्त्रक्रिया सुरळीत पार पडल्यानंतरही काही रुग्णांची मूत्रपिंडे दोन-तीन दिवसांत मंदावतात, आणि रक्तातील क्रिएटिनिन ४८ तासांत डेसिलिटरमागे ०.३ मिलिग्रॅमने जरी वाढले, तरी २०१२ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार ती मूत्रपिंडांना झालेली तीव्र इजाच मानली जाते.

हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे एक पंचमांश रक्त मूत्रपिंडांकडे जात असले, तरी त्यांच्या आतल्या भागाला प्राणवायू जेमतेमच मिळतो. पाटाच्या शेवटाला असलेल्या शेताप्रमाणे, आवर्तन जरा कमी सुटले की पहिली झळ त्यालाच बसते. हृदय थांबवून यंत्राद्वारे रक्त फिरवले जाते तेव्हा ते पातळ होते, दाब खालावू शकतो, आणि फुटलेल्या तांबड्या पेशींतून सुटलेले हिमोग्लोबिन रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड वायू टिपून घेते. मधुमेह, दुबळे हृदय, तातडीची अथवा दुसऱ्यांदा होणारी शस्त्रक्रिया यांमुळे धोका वाढतो. मात्र मूत्रपिंडे आधीपासूनच अधू असणे, हे त्याचे सर्वांत मोठे कारण होय.

नेमके तेच नजरेतून निसटते, कारण क्रिएटिनिन स्नायूंतून येते आणि स्नायू झडलेल्या वृद्ध शरीरात ते मुळातच कमी बनते. चाकणच्या कारखान्यातील ३० वर्षांचा कामगार आणि तळेगाव दाभाड्यात राहणारी त्याची ७० वर्षांची आजी, या दोघांच्याही रिपोर्टवर १.१ हाच आकडा असला, तरी गाळणवेग काढण्याच्या २०२१ च्या सूत्रानुसार नातवाची मूत्रपिंडे मिनिटाला सुमारे ९३ मिलिलिटर रक्तद्रव गाळतात, तर आजीची अवघे ५४. चारुहास ठाकर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या हजारो रुग्णांवरून डायलिसिसची शक्यता वर्तवणारी गुणपद्धती मांडली. ती अतिशय उपयुक्त आहे, पण तिच्यात क्रिएटिनिनचे गुण १.२ पासून सुरू होतात, म्हणजे या आजीला त्या रकान्यात शून्यच मिळते.

यंत्राविना, धडधडत्या हृदयावर केलेल्या बायपासने मूत्रपिंडे वाचतात, असा गाजावाजा बराच झाला. १९ देशांतील ४,७५२ रुग्णांच्या ‘कोरोनरी’ चाचणीत सुरुवातीची इजा खरोखरच थोडी कमी आढळली. वर्षभरानंतर मात्र मूत्रपिंडांच्या कार्यात दोन्ही गटांत फरक उरला नव्हता.

त्यापेक्षा, गुडघेदुखीसाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांची आणि अलीकडेच अँजिओग्राफीत टोचलेल्या डायची चौकशी आधी व्हायला हवी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बायपास आणि डायलिसिस या दोन्ही खर्चिक उपचारांचा समावेश आहे. गाळणवेग काढण्यासाठी मात्र वेगळी तपासणीसुद्धा लागत नाही, हाती असलेल्या क्रिएटिनिनच्या जोडीला रुग्णाचे वय आणि लिंग एवढे पुरते.