गळ निवडताना : कृष्णाकाठच्या मिशीवाल्या माशांसाठी

दिवाळी सरली की कृष्णेचे पाणी निवळते. सातारा-सांगलीच्या मोहल्ल्यांतून रविवारी फज्रच्या नमाजनंतर काठी आणि पिशवी घेऊन नदीकडे निघालेली मंडळी दिसू लागतात. कुणी अब्बांबरोबर, कुणी मामूंबरोबर, तर कुणी आपल्या मित्रांच्या टोळीत. काठी आणि रीळ कोणते घ्यायचे यावर घरात बरीच चर्चा होते. दोऱ्याच्या शेवटच्या दोन हातांत काय बांधायचे, याचा विचार मात्र फार थोडे जण करतात. दुकानदार देईल तो गळ आणि सापडेल तो शिशाचा तुकडा बांधून काम भागवले जाते. मासा मिळणार की तुटून जाणार, हे मात्र त्या दोन हातांतच ठरते.

तुटून गेलेला मासा म्हणजे केवळ आपले नुकसान नव्हे. त्याच्या तोंडात गळ असतो आणि मागे दोरा व वजन लोंबकळत असते. ते दगडात अडकले की मासा तिथेच अडकून मरतो. माशाला जबह करावे लागत नाही, ही आपल्यासाठी सवलत आहे. पण मरून आपोआप वर आलेला मासा हनफी मसलकात खाल्ला जात नाही, आणि असा मासा कशाने मेला हे सांगणार कोण? म्हणजे तो ना आपला रिज्क झाला, ना नदीत जगला. म्हणून साहित्य असे हवे की मासा एक तर हाती यावा, नाही तर मोकळा सुटावा.

आपले मिशीवाले मासे

ज्यांच्या तोंडाशी लहान मिशा असतात असे नदीचे मासे कृष्णा, कोयना आणि वारणेत पूर्वीपासून आहेत. विल्यम साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 मध्ये दख्खनच्या माशांची नोंद केली, तेव्हा इथली मराठी नावेच त्याने शास्त्रीय नावांत घेतली. महाशीरला ‘खुद्री’ आणि कोळशीला ‘कोलस’ ही नावे अशीच आली. इंग्लंड-युरोपच्या नद्यांतला बार्बेल हा याच मोठ्या कुळातला. त्याच्या शिकारीत तिथे मुरलेल्या बऱ्याच युक्त्या आपल्याकडेही उपयोगी पडतात.

या माशांचे तोंड खालच्या बाजूला असते. ते तळाशी मिशांनी चाचपून खातात. जबड्यात दात नसतात, पण घशात मजबूत दात असतात आणि महाशीर त्यांनी गोगलगायीचे कवचही चिरडतो. यातून दोन गोष्टी निघतात. मरळ किंवा इतर दातेरी माशांसाठी लोक गळाच्या वर तार बांधतात, तिची इथे गरज नाही. आणि गळ ओठातच लागला पाहिजे. घशात गेला तर मासा सोडताही येत नाही आणि गळही वाकतो.

गळ

गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान. एक नंबरनंतर मात्र 1/0, 2/0 असे मोठे होत जातात. पाव-अर्धा किलोच्या माशासाठी 8 ते 10 नंबर, त्याहून मोठ्यासाठी 4 ते 6 नंबर पुरतो. तार जाड आणि टोक तीक्ष्ण हवे. टोक नखावर टेकवून पाहावे. घसरले तर तो गळ बोथट समजावा.

गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा. दोरा ताणलेला ठेवला तर मासा सुटत नाही, आणि सोडायचा असेल तर जखम न वाढता गळ निघतो. हाच गळ मुलाच्या बोटात घुसला तर तोही सहज निघतो, हे अम्मींनी आवर्जून लक्षात ठेवावे. टोक आत वळलेला गोल गळ मिळाला तर आणखी चांगले. तो बहुधा तोंडाच्या कोपऱ्यातच लागतो. मात्र त्याला झटका द्यायचा नसतो, दोरा हळूहळू ताणायचा असतो. तीन टोकांचा गळ टाळावा. न गंजणाऱ्या स्टीलपेक्षा साधा गळ बरा, कारण तुटून राहिलाच तर तो गंजून गळून पडतो.

दोरा आणि वजन

सर्वांत महत्त्वाचा नियम ताकदीच्या उतरणीचा. रिळावरचा नायलॉनचा दोरा, म्हणजे तंगूस, सहा किलोचा असेल तर गळाजवळचा चार किलोचा आणि वजन बांधायचा दोन किलोचा घ्यावा. वजन दगडात अडकले तर फक्त वजन तुटते, मासा आणि गळ आपल्या हाती राहतो. गळ अडकला तर त्याच्या जवळचाच दोरा तुटतो, वीस-तीस हात तंगूस नदीत राहत नाही. मोकळा पडलेला तंगूस वर्षानुवर्षे कुजत नाही आणि त्यात बगळे-पाणकावळे अडकतात. दोन दोऱ्यांच्या मध्ये लहान फिरकी बांधली की पीळ बसत नाही. गाठ आवळण्यापूर्वी थुंकीने किंवा पाण्याने ओली करावी; कोरडी गाठ घर्षणाने कमजोर होते.

वजन मुख्य दोऱ्यावर सरकते ठेवावे, म्हणजे मासा ते ओढत फिरत नाही. धारेत चपटे वजन टिकते, गोल वजन वाहत जाते. टिकेल तेवढेच हलके वजन वापरावे. शिसे विषारी आहे. पाणपक्षी, विशेषतः हंस, ते गिळून मरत असल्याने इंग्लंडमध्ये 1987 पासून मासेमारीच्या लहान शिशाच्या वजनांची विक्री बंद झाली. आपल्याकडे लोखंडी नट किंवा दोऱ्याने बांधलेला चपटा दगड तेच काम फुकटात करतो. शिसे दाताने दाबायची मुलांची सवय तर आजच मोडावी.

नदी पाहून साहित्य

वाईपासून माहुली, कराडपर्यंत कृष्णेच्या पात्रात काळा खडक पुष्कळ आहे. तिथे वजनाचा कमजोर दोरा हवाच, आणि विणलेल्या दोऱ्यापेक्षा साधे नायलॉन बरे. ते ताण सोसते. सांगलीकडे, हरिपूरला वारणा मिळते त्या बाजूला, पाणी बंधाऱ्यांमुळे संथ आणि तळाला गाळ असतो. तिथे वजन आणखी हलके करावे आणि गळाजवळचा दोरा हातभर लांब ठेवावा, म्हणजे आमिष गाळात रुतत नाही.

आमिषाला कणकेची घट्ट गोळी, गांडूळ किंवा भिजवलेला हरभरा पुरतो. हरभरा गळात न टोचता गळाला बांधलेल्या बारीक दोऱ्यावर ओवावा. टोक उघडे राहते आणि ओठात लागते. नदीकाठी उंबर असेल तर त्याचे फळ महाशीरला आवडते. जिवंत बेडूक टोचण्याची या माशांसाठी काहीच गरज नाही.

मासा हाती आल्यावर

घरी न्यायचा असेल तर डोक्यावर एक नेमका घाव घालून लगेच संपवावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत तासभर तडफडत ठेवू नये. जबह करताना सुरी धारदार असावी आणि जनावराला त्रास कमीत कमी व्हावा, ही शिकवण आपल्याला हदीसमधून मिळाली आहे. माशाला सुरी लागत नाही म्हणून ती शिकवण माशाला लागू नाही, असे आम्हाला वाटत नाही. सोडायचा असेल तर हात ओले करून, पाण्यातच गळ काढावा. महाशीर मिळाला तर सोडून द्यावा, अशी आमची विनंती आहे. पावसाळ्यात हे मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात, तेव्हा काठी घरीच ठेवावी.

चांदोली आणि कोयनेच्या अभयारण्यात मासेमारीला बंदी आहे, आणि धरण-तलावांचे ठेके मच्छीमार संस्थांकडे असतात. परवानगी विचारूनच गळ टाकावा. धरणातून पाणी सुटले की पात्र झपाट्याने भरते, म्हणून मुलांना पात्रातल्या खडकावर एकटे बसू देऊ नये.

मार्च 2023 मध्ये सांगलीजवळ कृष्णेत प्रदूषणाने मेलेल्या माशांचा खच सर्वांनी पाहिला. ते थांबवणे आपल्या एकट्याच्या हातात नाही. आपल्या दोऱ्याच्या शेवटी काय बांधायचे, हे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. येत्या शनिवारी रात्री मुलांना घेऊन डबा उघडा, गळांचे उलटे काटे दाबा, शिसे बाजूला काढा आणि दोऱ्यांची उतरण लावून ठेवा. अर्ध्या तासाचे काम आहे. इन्शाअल्लाह, रविवारी मासाही मिळेल आणि नदीही आपल्याविषयी तक्रार करणार नाही.