वर्धापनदिन नदीकाठीं साजरा करावा तो कसा

शेतकऱ्यांच्या संस्थेचा वर्धापनदिन म्हणजे हारतुरे, अहवालवाचन व चहापान, असा समज रूढ झाला आहे. उद्यान-संमेलन भरवूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. मात्र तें कोठें व केव्हां भरवावें, याचा विचार पेण व रोहें येथील खातेदारांनीं अवश्य करावा.

दोन्ही तालुक्यांस सोईचें ऐतिहासिक स्थळ म्हणजे नागोठण्याचा अंबा नदीवरील जुना दगडी पूल. चौलच्या काजी अल्लाउद्दीन यानें तो सुमारें १५८० सालीं बांधविला. याच नदीच्या पुरानें १९८९ च्या जुलैंत जांभूळपाडा व नागोठणें येथें अनर्थ केला.

दिवस माघी पौर्णिमेचा धरावा. भात झोडून झालेलें असतें व बांधाच्या मातीकामास हंगाम सांपडतो. शिवाय पौर्णिमेस खाडीच्या मुखाशीं उधाणाची भरती दुपारच्या सुमारास येते व सायंकाळीं ओहोटी लागते. म्हणून सकाळीं पुलाजवळ सभा आटोपून दुपारीं सर्वांनीं खालच्या अंगास खारबांधावर जावें.

तेथें भरतींत बांध कोठें पाझरतो तें पहावें. खेकड्याचें एखादें बीळ प्रथम क्षुल्लक दिसतें. परंतु उधाणाचें पाणी त्यांतून शिरूं लागलें कीं माती वाहून खांड पडते. खारें पाणी एकदां शेतांत पसरलें म्हणजे पावसानें मीठ धुवून निघेपर्यंत जमीन भातास नालायक होते. ओहोटीस उघाडीचें झांप मोकळें उघडतें कीं गाळानें अडकतें, हेंही तपासावें. कारण आंतलें पावसाचें पाणी त्याच वाटेनें बाहेर पडावयाचें असतें. बांधापुढील कांदळ लाटांचा जोर मोडतें. तें तोडूं नये.

पूर्वीं शिलोत्रदार बाहेरकाठा राखीत व त्याबद्दल बिघ्यामागें भाताचा मण घेत. पुढें १९४८ चा मुंबई खारजमीन कायदा व १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा झाला आणि बांधांची काळजी सरकारकडे गेली. तेव्हांपासून गांवाची नजर बांधावरून ढळली, हेंच खरें नुकसान. सरकारी मंजुरीची वाट भरतीचें पाणी पहात नाहीं.

सायंकाळीं वालाच्या शेंगांची पोपटी खुशाल लावावी. मडकें भाजून निघेपर्यंत दिसलेलें प्रत्येक बीळ, पाझर व उघाडी वहींत टिपून त्यापुढें एकेका सभासदाचें नांव घालावें. पुढील वर्धापनदिनीं अहवालाआधीं तीच वही वाचावी.