दूरचित्रवाणी संच आणि घरची भिंत

२०२५ सालच्या दिवाळीच्या सुमारास आमच्या कुटुंबात दोन नवे दूरचित्रवाणी संच आले. एक नांदेडास आमच्या राहत्या घरी, दुसरा लातुरास आमच्या कनिष्ठ बंधूंच्या घरी. बत्तीस इंचांहून मोठ्या संचांवरील वस्तू व सेवा कर त्या वर्षीच्या २२ सप्टेंबरपासून शेकडा २८ चा १८ झाला, आणि घरातील तरुण मंडळींनी उचल खाल्ली. आम्ही पडलो जुने शिक्षक. तीस हजारांच्या आतबाहेरची वस्तू पारखून घ्यावी, या हेतूने वजिराबादेतील दुकाने स्वतः पालथी घातली. त्या खटाटोपात जे पदरी पडले, त्यांपैकी काही आमच्या वाचकांस उपयोगी पडेल असे वाटते.

प्रथम मापाविषयी. दुकानदार ज्यास त्रेचाळीस इंची संच म्हणतो, त्याची रुंदी त्रेचाळीस इंच नसते. ते माप कर्णाचे असते. आमच्या माजघरात कपाट व दार यांमधील मोकळी भिंत अवघी चाळीस इंच. सबब त्रेचाळीस इंची संच तेथे मावणार नाही, असा निकाल आमच्या चिरंजीवांनी परस्पर देऊन बत्तीस इंची संचाचा सौदा जवळजवळ पक्का केला होता. आयताच्या कर्णाचा जो सिद्धान्त बौधायनाने शुल्बसूत्रात वेदी आखण्यासाठी सांगून ठेवला, तो अभियांत्रिकीची पदवी मिळविलेल्या मुलास ऐन दुकानात आठवू नये, याचा आम्हांस विषाद वाटला. हल्लीच्या पडद्याच्या रुंदीचे उंचीशी प्रमाण १६ : ९ असते. त्यावरून हिशेब केला, तर त्रेचाळीस इंची पडदा सुमारे साडेसदतीस इंच रुंद व एकवीस इंच उंच भरतो. म्हणजे भिंतीवर जागा राहून वर बोटे फिरतात.

हा हिशेब केवळ जागेपुरता नव्हता. आमचा जुना पेटीवजा संच एकवीस इंची. त्याचे प्रमाण ४ : ३ असल्याने त्याची उंची साडेबारा इंचांच्या जवळपास होती. बत्तीस इंची नव्या संचाची उंची पावणेसोळा इंचच येते. आकडा अकरा इंचांनी वाढला, पण उंची वाढली अवघी तीन इंच! मातोश्रींचे वय अठ्ठ्याऐंशी, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. ज्यांच्यासाठी मुख्यतः ही खरेदी, त्यांस त्या तीन इंचांनी फारसा लाभ नव्हता. तेव्हा त्रेचाळीस इंची संचच घेतला. पडद्यावर बिंदू वीस लाख की त्र्याऐंशी लाख, या वादात आम्ही पडलो नाही. नेहमीच्या वाहिन्यांचे प्रक्षेपण मुळातच पुष्कळ कमी बिंदूंचे असते. सात फुटांवर बसलेल्या वृद्ध डोळ्यास तो भेद कळणेही कठीण. दुकानातील लखलखाटास मात्र कोणी भुलू नये. तेथे संच मुद्दाम भडक ठेवलेले असतात. घरी आणून ती योजना बदलली नाही, तर बातम्या देणारी बाई हळद लागल्यासारखी दिसते.

आता भिंतीकडे वळू. आमचे घर गोदावरीकाठच्या जुन्या वस्तीतले. भिंती दोन-दोन फूट रुंद, पण आत पांढरी माती. संच बसविण्यास आलेल्या कारागिराने छिद्रे पाडली, तेव्हा विटेची भुकटी न येता मातीची धार लागली. आम्ही शंका काढली. ‘‘काका, एवढ्या जाड भिंतीला काय होतंय?’’ असे म्हणून त्याने चार फास्टनर ठोकले, संच टांगला आणि पैसे घेऊन तो गेला. तिसऱ्या दिवशी सायंकाळी आमचा नातू त्याच भिंतीखाली पाढे लिहीत बसला असता संचाची डावी बाजू दोन बोटे खाली आली. वेळीच लक्ष गेले, म्हणून बरे. फास्टनर छिद्रात फुगून सभोवारच्या कठीण पदार्थास घट्ट धरतो. माती त्याच्या दाबाने सुटत जाते. भिंतीची जाडी तेथे काही कामाची नाही. संच उतरविला आणि वडिलांच्या वेळच्या शिसवी मेजावर, भिंतीशी सारून, त्याच्या स्वतःच्या पायांवर ठेवला. यात एक अकल्पित लाभ झाला. मातोश्री खाली सतरंजीवर बसतात. त्यांचा डोळा जमिनीपासून अडीच फुटांवर. कारागिराने पडदा पाच फुटांवर टांगला होता. त्या तीन दिवस मान वर करून पाहत होत्या आणि तक्रार करीत नव्हत्या.

तक्रार दुसरीच होती आणि ती आम्हांस उशिरा कळली. सायंकाळचे कीर्तन लागले की त्या पूर्वी ठेक्यावर मान डोलवीत. नव्या संचापुढे त्या निश्चल बसू लागल्या. डोळ्यांस त्रास होतो का, म्हणून विचारले. ‘‘दिसतं रे बाबा सगळं,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण बुवा काय म्हणतेत ते कळंना. म्हणलं, माझेच कान गेले.’’

कान गेले नव्हते. जुन्या पेटीचा आवाज समोर येई. नवे संच इतके चपटे, की आवाजाची योजना खालच्या कडेस किंवा पाठीमागे करतात. तो आवाज मेजावर वा भिंतीवर आपटून मग आपल्याकडे येतो. तरुण कानास ते खपते, वृद्धास शब्द फुटके ऐकू येतात. बाजारात ज्यास साउंडबार म्हणतात, तसली एक साधी पट्टी आणून पडद्यासमोर ठेवली. दुसऱ्या दिवशी मातोश्रींनी बुवांची एक चूक काढली!

वळवाच्या पावसात विजा होऊ लागण्यापूर्वीच संचाची पिन काढावी, आणि तीबरोबर छतावरील तबकडीची तारही सोडवावी, एवढे येथे सांगून ठेवतो. पुष्कळ जण पिन काढतात आणि तार विसरतात.

लातुरास बंधूंचे घर पक्क्या विटांचे. तेथे फास्टनर उत्तम बसला असता. वाद निराळ्याच कारणाने झाला. बंधूंनी जी भिंत नेमली, तिच्याखाली रात्री मुलांची अंथरुणे पडतात. त्यांच्या सौभाग्यवतींचे माहेर औसा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून गावे निजली असता, किल्लारीचा भूकंप झाला आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली हजारो माणसे गेली. त्यांच्या माहेरची भिंत तगली, परंतु फळीवरील पितळी भांडी धाकट्या बहिणीच्या उशाशी कोसळली. तेव्हापासून अंथरुणावर जड वस्तू टांगू द्यावयाची नाही, असा त्यांचा कटाक्ष आहे.

‘‘अगं, आठ किलोंचा संच, दगड आहे का तो?’’ बंधू म्हणाले. बाईंनी उत्तर दिले नाही. आमच्याकडे पाहून म्हणाल्या, ‘‘भाऊजी, तुमच्या नांदेडच्या भिंतीचं सांगा यांना.’’

आम्ही सांगितले. संच समोरच्या भिंतीवर गेला, जिच्याखाली कोणी निजत नाही. तेथे पश्चिमेच्या खिडकीचे ऊन दुपारी चार वाजता थेट पडद्यावर येते, आणि बंधू त्याविषयी अद्याप कुरकुर करतात. बाईंनी जुन्या इरकली लुगड्याचा जाड पडदा शिवून खिडकीस लावला आहे. चार वाजले की त्या स्वतः उठून तो ओढतात.