‘माल परत घेतला जाणार नाही’ : व्यापारी डिस्क्लेमरच्या भाषेविषयी

भिवंडीच्या कापडबाजारातील बिलांच्या तळाशी दोन-तीन ओळी बारीक टाइपात छापण्याची रूढी आहे. ‘सर्व तंटे भिवंडी न्यायकक्षेच्या अधीन’, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’, ‘माल गोदामाबाहेर पडल्यावर जबाबदारी राहणार नाही’, अशा आशयाच्या ह्या ओळी बहुधा इंग्रजीत असतात, क्वचित् हिंदीत वा मराठीत. यंत्रमागाच्या ह्या गावातील लहान व्यापारी जेव्हा स्वतःचे संकेतस्थळ उघडून साड्या, चादरी, पडद्यांचे कापड किरकोळीने विकू लागतो, तेव्हा त्याच ओळी संकेतस्थळाच्या पायथ्याशी ‘डिस्क्लेमर’ ह्या मथळ्याखाली जाऊन बसतात. ओळी त्याच राहिल्या. वाचणारा मात्र बदलला. वाक्याचे बळ त्याच्या शब्दांत किती आणि बोलणारा व ऐकणारा ह्यांच्या नात्यात किती, हा भाषाशास्त्रातील प्रश्न येथे अगदी व्यवहाराचा होतो; कारण उत्तर चुकल्यास भुर्दंड दुकानदारास पडतो.

जे. एल. ऑस्टिन ह्या इंग्लिश तत्त्वज्ञाने १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेली व्याख्याने १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत, ती कृती घडवितात, असे त्यांत प्रतिपादिले आहे. ‘मी वचन देतो’ हे वाक्य खरे किंवा खोटे नसते; ते साधते किंवा फसते. डिस्क्लेमर हे ह्याच जातीचे वाक्य होय. बोलणाऱ्यास तसे बोलण्याचा अधिकार नसेल, अथवा ते ऐकणाऱ्यापर्यंत पोचलेच नसेल, तर व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही ते फसते. इंग्लंडातील न्यायालयांपुढे १८७७ साली पार्कर खटल्यात हाच मुद्दा आला होता. रेल्वेच्या सामानघरात ठेवलेली पिशवी हरवली. भरपाईची मर्यादा पावतीच्या पाठीमागे छापलेली होती. पाठीमागचा मजकूर प्रवाशाच्या नजरेस आणून देण्यासाठी कंपनीने पुरेसे केले होते काय, हा तेथे निर्णायक प्रश्न ठरला.

आता ‘भिवंडी न्यायकक्षेच्या अधीन’ ही ओळ घेऊ. तिच्याविषयी आपल्याकडील न्यायनिर्णय भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम वाचावेत असे आहेत. दोघांनी आपसांत ठरवून, ज्या न्यायालयास मुळात अधिकार नाही त्यास तो देता येत नाही. अधिकार असलेल्या न्यायालयांपैकी एकाची निवड तेवढी करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली हाकमसिंग विरुद्ध गॅमन ह्या प्रकरणात सांगितले. पुढे १९८९ मध्ये ए. बी. सी. लॅमिनार्ट प्रकरण आले. गुजरातेतील खेडा जिल्ह्यातल्या एका उत्पादकाने सालेमच्या व्यापाऱ्यास धातुमय धाग्याची बॉबिने विकण्याचा करार केला होता आणि तंटे ‘कैरा न्यायकक्षेच्या अधीन’ राहतील असे कलम त्यात होते. कैरा म्हणजेच खेडा. न्यायालयाने पाहिले की, ‘केवळ’, ‘फक्त’, ‘अनन्यपणे’ अशा अर्थाचा शब्द कलमात नाही. सबब सालेमच्या न्यायालयाची वाट बंद झालेली नाही. मराठीत हा सारा वाद एका अक्षरात मावतो. ‘भिवंडी न्यायालयाच्या अधीन’ आणि ‘भिवंडी न्यायालयाच्याच अधीन’ ह्यांतील अंतर ‘च’ ह्या शुद्ध शब्दयोगी अव्ययाचे आहे. २०१३ साली स्वस्तिक गॅसेस प्रकरणात मात्र न्यायालयाने असा शब्द नसणे निर्णायक मानले नाही. एका स्थळाचा उल्लेख केला म्हणजे इतरांना वगळण्याचा हेतू दिसून येतो, असे म्हटले. बोलीव्यवहाराशी हे जुळते. ‘दुकान बुधवारी बंद’ अशी पाटी वाचून गुरुवारी दुकान उघडे असेल असेच आपण धरतो. तरीही शहाण्या मसुदाकाराने ‘च’ गाळू नये.

पण हे झाले दोन व्यापाऱ्यांतील भाषण. पुनर्विक्रीसाठी ताके घेणारा व्यापारी ग्राहक-कायद्याच्या दृष्टीने ‘ग्राहक’ नव्हे. संकेतस्थळावरून एक साडी घेणारी चंद्रपूरची शिक्षिका ही ग्राहक होय; आणि २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा तिला ती जेथे राहते वा काम करते तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार नेण्याची मुभा देतो. तिच्यापुढे ‘भिवंडी’ हा शब्द आणि त्यामागचा ‘च’ ह्या दोहोंचा आधार फारसा उरत नाही.

दुसऱ्या ओळीची गत ह्याहून वाईट आहे. ‘माल परत घेतला जाणार नाही’ ह्या वाक्यात ‘जाणे’ ह्या सहायक क्रियापदाने कर्मणी प्रयोग साधला आहे आणि कर्ता नाहीसा झाला आहे. कोण घेणार नाही? कोणत्या कारणाने आलेला माल? पसंत पडली नाही म्हणून परत केलेली साडी आणि विरलेली निघाली म्हणून परत केलेली साडी, ह्या दोहोंना हे वाक्य एकाच दोरीने बांधते. कायदा त्या वेगळ्या मानतो. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही त्याच कायद्यान्वये अनुचित व्यापारी प्रथा आहे. संकेतस्थळावर वर्णिलेल्याहून वेगळा निघालेला माल नाकारून धरता येत नाही, असे २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात. गंमत अशी की, वाक्यरचनेने जो कर्ता लपविला तोच हे नियम उघड मागतात : विक्रेत्याचे कायदेशीर नाव, मुख्य पत्ता, तक्रार-निवारण अधिकाऱ्याचे नाव व हुद्दा. तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हावयास हवे. ग्राहकाची संमतीही त्याच्या स्वतःच्या कृतीने मिळावी लागते. आधीच खूण केलेल्या चौकटीस संमती म्हणता येत नाही.

मराठी हिशेबाच्या कागदांवर ‘चू. भू. द्या. घ्या.’ असे लिहिण्याची पद्धत होती, ती येथे आठवते. ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ ह्या विध्यर्थी वाक्यात लिहिणारा स्वतःसही बांधून घेतो. चूक त्याच्या लाभाची असली तरी ती द्यावी लागते. त्याच जागी आलेल्या ‘ई. अँड ओ. ई.’ ह्या इंग्रजी आद्याक्षरांत हा परस्परभाव नाही.

मग डिस्क्लेमर निरुपयोगीच म्हणावयाचा काय? मुळीच नाही. बाजारात गिऱ्हाईक वा दलाल कापड चिमटीत धरतो, पोत पाहतो, पन्हा मोजतो, उजेडात रंग पारखतो. संकेतस्थळावर बोटांचे हे काम वाक्यांनाच करावे लागते. ‘पडद्यावर दिसणारा रंग प्रत्यक्षात किंचित् फिका वा गडद असू शकेल’, ‘पहिल्या धुण्यात कापड आटते’, ‘सूत व पॉलिएस्टर ह्यांचे मिश्रण’, अशी विधाने आधीच ठळकपणे केली असता पुढचा बराचसा तंटा जन्मासच येत नाही. अशी विधाने लहान विक्रेत्याच्या खरोखर उपयोगाची. आणि दुसऱ्याच्या इंग्रजी पानावरून उचललेल्या मजकुरात नेमकी तीच नसतात, कारण ती ह्या कापडाविषयी लिहिलेलीच नव्हती. अर्थात् मर्यादा आहे. यंत्रमागाच्या कापडास ‘हातमागाचे’ म्हणून वर मिरवायचे आणि खाली ‘वर्णन सूचक आहे’ असे लिहायचे, हे चालत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार डिस्क्लेमरने जाहिरातीतील मुख्य दाव्यास छेद देता कामा नये, दिशाभूल करणारा दावा दुरुस्त करण्याचे कामही त्याने करावयाचे नाही.

त्याच सूचनांत भाषेविषयीही दंडक आहे : दावा ज्या भाषेत, त्याच भाषेत डिस्क्लेमर असावा, आणि टाइपही तोच असावा. स्तुती मराठीत व नकार इंग्रजीत, ह्या सर्रास आढळणाऱ्या विभागणीस त्याने बाध येतो. २०२३ साली संमत झालेला वैयक्तिक विदासंरक्षणाचा कायदा तर सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील बावीसपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय नागरिकास देतो. भिवंडीच्या मागांवर मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू ह्या चारही भाषा बोलल्या जातात व चारही त्या अनुसूचीत आहेत. मसुदाकारापुढे परिभाषेचा प्रश्न उभा राहील. ‘अस्वीकरण’ हा अलीकडे चालविलेला शब्द मराठी दुकानदाराच्या तोंडी नाही. ‘दावा’, ‘तक्रार’, ‘जामीन’ हे फारसीच्या वाटेने आलेले अरबी शब्द मात्र दप्तरांतून पिढ्यान्‌पिढ्या राबले आहेत, आणि थोड्याफार उच्चारभेदाने ते ह्या चारही भाषांत आहेत.